भिकुबाईंची ओळ

माऊस तिसऱ्यांदा टेबलावरून घसरला तेव्हा नाना तो उचलायला वाकलेच नाहीत. वायरीला लोंबकळणाऱ्या माऊसकडे बघत म्हणाले, "मोहिनी, याले काढून टाक. माह्या हातानं हा उंदीर काही धरला जात नाही."

नाना म्हणजे माझे वडील, गिरधर कोल्हे. मूळ असोद्याचे, पण उभं आयुष्य जळगावात प्रेमराज वकिलांकडे टायपिंग करण्यात गेलं. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, नानांची खुर्ची हलली नाही. गेल्या वर्षापासून मात्र त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. वकील म्हणाले, "जमेल तोवर या, गिरधरभाऊ. पण कोर्टाचा कागद आहे. चूक झाली की थांबायचं." थांबायचं म्हणजे काय, हे नानांना पुरतं ठाऊक होतं. ते घरी बसलेत, ही कल्पना आईलासुद्धा करवत नव्हती.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. प्रोग्रॅम लिहायला विम नावाचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं-खोडायचं सॉफ्टवेअर, वापरते. त्यात माऊसला हात लावावा लागत नाही, सगळं बटणांवर चालतं. शिकायला मात्र भलता किचकट. चांगले चांगले इंजिनिअर पहिल्या दिवशी रडकुंडीला येतात. त्यात हा साठीला टेकलेला माणूस! पण दुसरा उपाय मला दिसत नव्हता.

"विम? भांडे घासायचा?" आईनं विचारलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना एक अक्षर लिहू दिलं नाही. नुसतं वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरायला लावलं. इथे प्रत्येक बटणाची दोन कामं असतात, मी सांगितलं. 'आय' दाबून आत शिरलं की अक्षरं उमटतात. 'एस्केप' दाबून बाहेर आलं की तीच बटणं हुकूम होतात.

"म्हंजे एस्केप म्हंजे न्यूट्रल," नाना म्हणाले. "आधी न्यूट्रल, मंग गिअर."

मला हसू आलं, पण चुकीचं त्यात काहीच नव्हतं. रोज थोडंच शिकायचं, पाठ करायचं नाही, आणि गोंधळ झाला तर 'यू' दाबायचं, केलेलं मागे फिरतं, एवढंच मी सांगत राहिले. मराठी की-बोर्ड चालू ठेवून हुकूम सोडला की एडिटर ढिम्म हलायचा नाही. मग नाना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि पुन्हा न्यूट्रलला यायचे. दिवाळीपर्यंत ते वकिलांच्या ऑफिसात त्यावर कागद करायला लागले. घरी आले की आईला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, आज इतके कागद झाले.

खोट एकच होती. एखादा शब्द खोडायचा तर आधी 'डी' आणि मग 'डब्ल्यू' दाबायचं. नानांचं बोट थरथरलं की 'डी' दोनदा लागायचा, आणि दोनदा 'डी' म्हणजे अख्खी ओळ साफ.

"मी ते दोन 'डी' बंदच करून टाकते," मी म्हटलं.

नाना चिडले. "अन् मंग मी शिकलो काय? गेली ओळ तर 'यू' दाबीन."

गेलेली दिसली, तर.

थंडीत एका सकाळी असोद्याचा छगन घरी आला, केळीची फणी घेऊन. त्याचे वडील वारले होते. शेतावर वारसांची नावं लावायची म्हणून त्याचं प्रतिज्ञापत्र नानांनीच आदल्या आठवड्यात टाईप केलं होतं.

"नाना, तुम्ही गावचे मानूस शोभले," तो हळूच म्हणाला. "न सांगता समजून घेतलं." आणि चहा न घेताच गेला.

"मी काय समजून घेतलं याचं?" नाना विचारात पडले. ऑफिसच्या फाईली ते पेनड्राईव्हवर घरी आणायचे, त्यातली छगनची फाईल त्यांनी उघडली. वारस : आई, छगन, धाकटा वना. बस. मुक्ताईनगरला दिलेली बहीण भिकुबाई त्यात नव्हती.

"तिचं नाव मी लिहेल हाये," नाना म्हणाले. "तिच्या नावामागे चुकून 'कुमारी' पडलं होतं, ते खोडलं." शब्द खोडताना ओळच गेली होती. छगननं कागद वाचला, बहिणीचं नाव नाही हे पाहिलं आणि मुकाट्यानं सही केली. नानांनी ते मुद्दाम गाळलं, असं समजून त्यानं फणी आणली होती.

मला छगनचा संताप आला. पण नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

"नाना, मी वकिलांना सांगते, प्रिंट काढताना घोटाळा झाला. हाताचं कशाला काढायचं?"

"प्रिंटरचा हात थरथरत नाही," नाना म्हणाले. "अन् भिकुबाई काय म्हनीन? गिरधर भावाले फितूर झाला. चाल, गाडी काढ."

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. भला माणूस, आवाज चढवला नाही. "कागद अजून तलाठ्याकडे गेलेला नाही. नवीन करू. छगनला मी बघतो," म्हणाले. मग चष्मा काढून हातात धरला. "गिरधरभाऊ, आता..."

"समजलो, साहेब," नाना म्हणाले. "फक्त ती एक ओळ मला लिहू द्या."

ते खुर्चीत बसले. हात असा थरथरत होता की बोट कुठल्याच बटणावर ठरेना. वकील खिडकीबाहेर बघायला लागले. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "धर."

मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. आतून ते पाखरासारखं फडफडत होतं. नानांनी नवी ओळ उघडली, मराठी की-बोर्ड घेतला आणि एकेक अक्षर उमटवत गेले. भिकुबाई, वय, नातं मुलगी, राहणार मुक्ताईनगर. फाईल सेव्ह केली. मग पहिल्या वारसापासून शेवटच्या वारसापर्यंत सगळी नावं मोठ्यानं वाचली.

"सोड आता," ते म्हणाले.

मी सोडलं. हात टेबलावर थडथड वाजायला लागला. नानांनी तो लपवला नाही, तसाच वाजू दिला. मग डाव्या हातानं आधार घेत उठले आणि खुर्ची टेबलाशी नीट लावून ठेवली.