फळ्यावरची कवटी

सर लायनेल वारले आणि घरात कोणी गेलं की दारावर टांगायचा, घराण्याचं चिन्ह असलेला काळा फळा रंगवायला टॅपली पेंटर आला. घराण्याच्या चिन्हावर एरवी ससाणा असायचा. लायनेलच्या आईने त्या जागी कवटी रंगवायला लावली. वंशातला शेवटचा पुरुष गेला, त्याच्याबरोबर 'सर' ही पिढीजात पदवीही संपली, असा त्या कवटीचा अर्थ.

"ती पुसायला सांगा, आई," लायनेलची विधवा डोरोथिया म्हणाली. "मला दिवस गेलेत."

सासूबाईंनी टॅपलीला बाहेर पिटाळलं. "माझा लायनेल वर्षभर अंथरुणाला खिळला होता. कूस बदलायलासुद्धा त्याला दोन गडी लागायचे. आणि तुला दिवस गेलेत?"

डोरोथियाने मान खाली घातली नाही. आता आपल्याला घराबाहेर काढणार, हे ती धरूनच चालली होती.

म्हातारी तिच्या पोटाकडे बघत राहिली.

"कोण आहे ते मला सांगू नकोस. डोळे कसे आहेत त्याचे?"

"निळे."

"लायनेलचेही निळेच होते." तिने दार उघडलं. "टॅपली, या आत! ती कवटी खरवडून टाका. आणि ससाणा नीट रंगवा हो, माझा नातू बघणार आहे तो."