उपाध्ये गैरहजर

आमचे हे मुलुंडच्या नव्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. तर्कशास्त्राच्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. मी म्हणावं, ‘आज फार उकडतंय,’ की यांनी विचारावं, ‘कालच्यापेक्षा?’

लग्नामुळे माझं इंटर अर्धवट राहिलं होतं. छप्पन साली कुंदा तीन वर्षांची झाली, तेव्हा यांनीच हौसेनं माझं नाव कॉलेजात घातलं. घरी मी ‘अहो’ म्हणायची, वर्गात ‘सर’. आणि घरातली ‘अगं’ वर्गात ‘मिसेस वझे’ व्हायची. मुलं गालातल्या गालात हसत. हे मात्र मला जन्मात कधी पाहिलं नसल्यासारखे शिकवत राहायचे.

जानेवारीत कुंदाला गोवर निघाला. गोवर गेला तर खोकला धरून बसला. त्या दिवसांत मी पोरीला मांडीवर घेऊन बसलेली पाहूनच हे घराबाहेर पडत, आणि कॉलेजात जाऊन माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहीत. संध्याकाळी परत आले की विचारत, ‘ताप उतरला का गं?’ यांच्या डोक्यात वरवंटा घालावा की हातात चहा द्यावा, कळायचं नाही. चहाच देत आले.

टर्म संपत आली तेव्हा कळलं, बाकी विषयांत कसंबसं निभावलं, पण तर्कशास्त्रात माझी हजेरी कमी पडतेय. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता यायचं नाही. आणि मला त्याच वर्षी बसायचं होतं. पावसाळ्यानंतर घरात दुसरा पाळणा हलणार होता. हे वर्ष गेलं की शिक्षण गेलंच, हे मला लख्ख दिसत होतं.

‘अहो, लिहा ना हजर,’ मी म्हटलं. ‘मी कुठं होते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.’

‘घरी होतीस,’ हे म्हणाले. ‘म्हणूनच लिहिता येत नाही.’

मी अबोला धरला. तो यांच्या लक्षात यायलाही वेळ लागला. मग एके दिवशी कॉलेजच्या फळ्यावर यांच्या अक्षरातली सूचना दिसली: ज्यांची हजेरी कमी असेल त्यांच्यासाठी, प्रिन्सिपॉलांच्या परवानगीनं, परीक्षेआधीच्या सुट्टीत रोज सकाळी जादा तास. कुणीही यावं. माझ्याशी घरी एका शब्दानं बोलले नाहीत. सुट्टीवर पाणी सोडून रोज कोट चढवून निघत. चारसहाजण यायचे, ज्याची त्याची हजेरी भरली तसे ते यायचे बंद झाले. शेवटी मी एकटी उरले, आणि माझाही एकच तास उरला.

नेमकं त्या दिवशी, कुंदाला सांभाळणाऱ्या शेजारच्या मालनताईंना पहाटेच ठाण्याला माहेरी जावं लागलं.

‘थोडं थांबा ना,’ मी यांना म्हटलं. ‘हिचं आवरते, मग बरोबरच जाऊ.’

‘वर्ग खोळंबेल.’

‘अहो, कुठला वर्ग? वर्ग म्हणजे मीच की!’

‘आणखी कुणी आलं तर?’ म्हणाले, आणि गेले.

पुढचं काय सांगू! कुंदानं दूध माझ्या अंगावर सांडलं. लुगडं बदललं, तर हिची एक चप्पल सापडेना. शेवटी तशीच कडेवर मारली आणि निघाले. कॉलेजची घंटा मला रस्त्यातच ऐकू आली. नाव पुकारून झाल्यावर येणाऱ्याला हजेरी नाही, हा यांचा नियम सगळ्या कॉलेजला पाठ होता. त्यातून हे नावं घ्यायचे ती भराभर, मध्ये श्वासही न घेता. माझे डोळे भरून आले. तरी पाय उचलत राहिले.

व्हरांड्यात पोचले आणि यांचा आवाज कानी आला.

‘शहा.’ मग शांतता. ‘शहा?’ पुन्हा शांतता. मग टाक खरडल्याचा आवाज.

‘ताम्हणे.’ पुन्हा तसंच.

मी दारापाशी आले. रिकाम्या बाकांकडे पाहत हे उभे होते. चष्मा काढला, पुसला, चढवला.

‘ठक्कर... ठक्कर?’

माझं पाऊल तिथंच अडलं. या माणसाला मी मनातल्या मनात दगड म्हणत आले होते.

‘उपाध्ये.’ खूप वेळ गेला. ‘उपाध्ये?’ गैरहजर. मग यांनी मान वर केली. ‘मिसेस वझे.’

मला धाप लागली होती, तोंडातून शब्द फुटेना. कुंदाच ओरडली, ‘बाबा, आई आली!’

‘विद्यार्थिनीनं स्वतः उत्तर द्यावं,’ हे म्हणाले.

‘येस सर,’ मी म्हटलं, आणि पहिल्या बाकावर बसून पदरानं डोळे पुसले.

मग तास झाला. पूर्ण. उभ्यानं, इंग्रजीत, फळाभर लिहून. कुंदा माझ्या मांडीवर झोपून गेली. शेवटची घंटा झाली तेव्हा यांनी हातांवरचा खडू झटकला, प्लॅटफॉर्मवरून खाली उतरले आणि तिला माझ्याकडून अलगद उचलून घेतलं.

‘अशा दिवसांत पळत कशाला यायचं गं?’ हे हळूच म्हणाले. ‘उपाध्येला मी संध्याकाळपर्यंत हाका मारल्या असत्या.’