विचारलं की सांगायचं

एसेन गप्प बसतो, हीच त्याच्याबद्दलची तक्रार होती. पहिली नोकरी गाड्या धुण्याची. गिऱ्हाइकाने विचारलं, मागची काच लावलीय ना, तर हा गप्प. फवारा आत गेला आणि सगळी सीटं भिजली. दुसरी भटारखान्यात. मालकाने तंदूरकडे बघायला सांगितलं, याने बघितलं. रोट्या करपून कोळसा होईपर्यंत बघितलं. "जळतायत हे दिसलं नाही का रे?" म्हणून मालक ओरडला, तेव्हाही याच्या तोंडून शब्द नाही. तिसऱ्या ठिकाणाबद्दल त्याची आई कालिचा बोलायलाच तयार नसे.

म्हणून बुरुलने अख्खा हिवाळा या एकाच गोष्टीवर घालवला. एसेनसारख्या, स्वमग्न म्हणून शिक्का बसलेल्या मोठ्या माणसांना नोकरी मिळवून द्यायची आणि ती टिकवायची, हेच तिचं काम होतं. मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. मालकाच्या दारात पुरेशा वेळा जाऊन बसलं की तो कंटाळून हो म्हणतो. टिकवताना मात्र दम निघतो. तिच्या संस्थेत शिकवायला येणारे पाहुणे फळ्यावर बाण काढून सगळं समजावत, चहा पीत आणि विमानाने परत जात. बिश्केकच्या गोठलेल्या रस्त्यावर, माणसांनी खच्चून भरलेल्या व्हॅनमध्ये, कान झाकून उभ्या असलेल्या एसेनला सांभाळताना त्यातला एकही बाण कामाला येत नसे. बुरुल जाता-येता त्याच्याकडून एवढंच घोटून घेई.

"कुणी विचारलं की?"

"लगेच सांगायचं."

"कसं?"

"खरं."

"आणि?"

"लपवायचं नाही."

व्हॅनमधली माणसं हसत. हसू देत. वसंत आला तोवर एसेन विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ लागला होता, आणि पहिल्यांदा त्याने "पोट दुखतंय" असं आईला सांगितलं तेव्हा कालिचा स्वयंपाकघरात जाऊन रडली. अठ्ठावीस वर्षं ती ते अंदाजाने ओळखत आली होती.

रोझा एजेचा शिलाईचा कारखाना एका जुन्या घराच्या तळघरात होता. तिथे एसेनला तयार कपड्यांचे लोंबते धागे कापायचं काम मिळालं. रोझाला सगळ्या एजे, म्हणजे ताई, म्हणत. तशी ती तोंडाने फटकळ, पण मनाने बरी. सुरुवातीला तिने कपाळाला हात लावला. एक व्यापारी कापड चाचपत म्हणाला, "शुद्ध सुती ना?" आणि रोझाने तोंड उघडायच्या आत एसेन म्हणाला, "नाही. निम्मं." व्यापारी गेला. रोझा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बुरुल, अगं हे काय शिकवून ठेवलंयस? मला भीक मागायला लावणार हा!"

"अहो एजे, पण तो खोटं बोलत नाही ना?"

"तेच तर म्हणतेय मी!"

आणि सगळ्या बायका हसल्या. पण पुढे रोझालाच त्याची सवय झाली. कुणाची शिवण उसवलीय, कुणी बटण उलटं लावलंय, हे बाकीच्या एकमेकींना सांभाळून घेत लपवत. एसेनला विचारलं की कळे. माल परत येणं कमी झालं. उन्हाळ्याच्या शेवटी रोझाने त्याला कायमचं घेतलं.

त्याच्या शेजारच्या टेबलावर शारकान इस्त्री करायची. नवरा नसलेली, एकुलता एक मुलगा उलान मॉस्कोत बांधकामावर. घरून आणलेले बोर्सोक ती एसेनच्या पुढ्यात ठेवी. तो एकेक तळलेला तुकडा नीट रांगेत लावून मगच खाई. "खा रे, माझ्या शिंगरा," ती म्हणे. "उलानसुद्धा लहानपणी असाच खेळत बसायचा अन्नाशी." इस्त्रीची वाफ फुसकन आली की एसेन दचके, म्हणून ती आधी सांगू लागली, "आता वाफ हं." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कालिचाचं हृदय निकामी होत चाललं होतं. जिना चढताना ती दर मजल्यावर टेके. एकदा तिथेच पायरीवर बसून ती बुरुलला म्हणाली, "मी जाणारच गं. पण सकाळी उठून कुठे जायचं ते याला ठाऊक असू दे. चार माणसं याची वाट बघत असू देत. एवढं झालं की मी सुखाने डोळे मिटेन." बुरुलने तिचा हात दाबला. झालंच की ते, असं तिला खरोखर वाटलं होतं.

शरद ऋतूत एका सकाळी रोझाचा फोन आला. बुरुल तेव्हा हॉस्पिटलच्या धुलाईघरात दुसऱ्या एका मुलीचं काम टिकवायच्या खटपटीत होती.

"शारकानचा उलान गेला," रोझा दबक्या आवाजात म्हणाली. "परांचीवरून पडला. तिला माहीत नाही. दीर-जावा नारिनहून निघालेत, संध्याकाळपर्यंत पोचतील. तोवर तिला इथेच गुंतवून ठेवतोय. फोन काढून घेतलाय, बिघडलाय म्हणून सांगितलंय."

अशी बातमी आईच्या तोंडावर फेकत नाहीत. घरचे वडीलधारे येतात, शेजारी बसतात, आधी दुसऱ्यांची दुःखं काढतात, जगात कुणाकुणाचं काय काय हरवलं ते बोलतात. ऐकता ऐकता माणसाला आतून कळू लागतं, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी धरून मग सांगतात. बुरुलच्या बापाची बातमी तिला तशीच कळली होती. धरणारे हात नसते तर आपण उभ्या राहिलो नसतो, हे ती जाणून होती.

"तुझ्या पोराचं काय करू?" रोझाने विचारलं. "बायका त्याच्यासमोरच बोलल्यात सगळं. घरी पाठवू?"

मधेच घरी पाठवलं की एसेन दाराशी डोकं आपटून घेई. पुन्हा घडी बसायला आठवडे जात. इकडे धुलाईघरातली मुलगी यंत्राच्या आवाजाने भिंतीला चिकटून उभी होती.

"राहू द्या, एजे," बुरुल म्हणाली. "त्याला विचारल्याशिवाय तो बोलत नाही. आणि त्याला कोण काय विचारणार? मी इथलं आटपून येतेच."

शारकान काही दुधखुळी नव्हती. सकाळपासून जो तो तिला चहा देत होता. जिच्याशी तिचं महिनाभर वाकडं होतं, तीसुद्धा पाठीवरून हात फिरवून गेली. शारकानने एकीला विचारलं, "काय झालंय गं?" ती म्हणाली, "कुठे काय?" दुसरीला विचारलं, तर तिने सुई शोधायला मान खाली घातली. मग शारकानने इस्त्री उभी करून ठेवली आणि ती वळली. खरं कोण सांगेल हे त्या तळघरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"एसेन, माझ्या शिंगरा. उलानला काय झालंय?"

"मेला," एसेन लगेच म्हणाला. "परांचीवरून पडला. तुम्हाला संध्याकाळी सांगणार आहेत."

आणि त्याने पुढचा सदरा ओढून धागा कापला.

बुरुल पोचली तेव्हा शारकानचा हंबरडा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. पडताना तिचा हात इस्त्रीवर गेला होता. कुणीतरी त्यावर ओलं फडकं धरलं होतं. एसेन टेबलाखाली, कानांवर तळवे दाबून, पुढेमागे झुलत होता. त्याला बाहेर काढायला गेलेली बुरुल बायकांच्या नजरांना नजर देऊ शकली नाही.

दोन दिवसांनी रोझा बोलली, आणि या वेळी ओरडली नाही.

"दीर गाडीतून उतरले आणि त्यांना आतलं रडणं ऐकू आलं. पांढऱ्या दाढीचा माणूस माझ्या दारात उभा राहून म्हणाला, आम्ही यायच्या आधीच कुणी माझ्या वहिनीला मारलं? काय सांगू मी त्याला?"

"एजे, चूक माझी आहे. तो शिकवलं तसंच वागला. मीच—"

"मला कळतं गं. पण बायका त्याच्या शेजारी बसायला तयार नाहीत. आपल्या घरचं काही झालं तर हाच आपल्याला सांगेल, म्हणतात. मी वीस बायका सोडू की एक तो?"

बुरुलने शेवटी एकच दार उरलं होतं ते ठोठावलं. शारकानच्या इमारतीच्या अंगणात जाड लोकरी नमद्याचा, दुखवट्याचा काळसर तंबू उभा होता. आत शारकान भिंतीकडे तोंड करून बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. बुरुल तिच्या गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं खरं होतं. मग ज्या कामासाठी आली होती त्याची लाज वाटत असूनही तिने विषय काढलाच.

"तुम्ही रोझा एजेंना एक शब्द बोललात तर..."

शारकानने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"त्याचा काही दोष नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम त्यालाच विचारलं. बाकीच्या खोटं बोलल्या असत्या. आणखी अर्धा दिवस माझा उलान जिवंत राहिला असता गं, पण मलाच धीर धरवला नाही." तिने डोळे पुसले. "पण मला परत त्याच टेबलाशी उभं राहायचंय. दुसरं कोण आहे मला? त्याचा चेहरा दिसला की ते ऐकू येणार. ‘मेला.’ रोज. मला ते जमायचं नाही. तो तिथे नको, बुरुल. मला माफ कर."

बुरुल उठली.

घरी कालिचाने एसेनला सांगून ठेवलं होतं की दुखवट्यामुळे कारखाना बंद आहे. तरी तो रोज सकाळी आवरून, बूट घालून दाराजवळच्या स्टुलावर बसे. बुरुल गेली तेव्हाही बसलेलाच होता. आपली छोटी कात्री रुमालात गुंडाळून त्याने खिशात ठेवली होती.

बुरुल त्याच्या शेजारी बसली. कालिचा दुसऱ्या बाजूला. बुरुलने वडीलधाऱ्यांसारखी लांबून सुरुवात केली. माणसाच्या वाट्याला चढउतार येतात, म्हणाली. धुलाईघरातल्या त्या मुलीचंही काम सुटलं, म्हणाली. बऱ्याच जणांचं सुटतं. कालिचाला कळलं, तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक पदरासारखं तोंडाशी धरलं. एसेन मात्र शब्द संपायची वाट बघत राहिला.

"उद्या काम आहे?" त्याने विचारलं.

बुरुलने कालिचाकडे पाहिलं.

"विचारलं की लगेच सांगायचं, एजे," एसेनने आठवण करून दिली.

"नाही," बुरुल म्हणाली.

"परवा?"

"नाही."

"दुखवटा संपल्यावर?"

"नाही, एसेन. आता तिथे कधीच नाही."

त्याने खिशातला रुमाल चाचपला.

"मी खरं सांगितलं होतं. लपवलं नव्हतं. सांगायला नको होतं?"

नाही, तुझं बरोबर होतं, असं म्हटलं असतं तर काम का गेलं हे त्याला कुणीच समजावू शकलं नसतं. आणि पुढच्या ठिकाणी, पुढचं ठिकाण मिळालंच तर, तो पुन्हा तेच करणार. बुरुल पार थकली होती.

"नको होतं," ती म्हणाली.

"विचारलं तरी?"

"विचारलं तरी."

एसेनचे ओठ हलले. तो ते मनात घोकत होता, हिवाळ्यात व्हॅनमध्ये घोकायचा तसंच. मग त्याने बूट काढले, भिंतीशी जोडीने लावले आणि पुन्हा स्टुलावर बसला.

"चहा ओतू का रे?" कालिचाने विचारलं.

त्याने तोंड उघडलं, बुरुलकडे पाहिलं आणि मिटलं.

"एसेन, भूक लागलीय का बाळा?"

तो जमिनीकडे बघत राहिला. पोटावर हात घट्ट दाबलेला होता.

"पोट दुखतंय का? अरे, सांग ना."

तो बोलला नाही. कालिचा धापा टाकत उठली, त्याच्यासमोर वाकली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून पूर्वीसारखी अंदाजाने वाचू लागली. मग ती बुरुलकडे वळली.

"हा बोलत का नाही गं?" तिने विचारलं.

बुरुलला माहीत होतं. तिने मान खाली घातली.