वैरणकाकांची पसंती

"हा नको. तो साधाच बरा," वैरणकाका तिसऱ्यांदा म्हणाले, आणि विक्रेत्याने कपाळावर हात मारून घ्यायचाच काय तो बाकी ठेवला.

यंत्रांच्या आवारात चारा कालवायचे दोन मिक्सर शेजारी शेजारी उभे होते. एक साधा. दुसऱ्याला वजनकाटा होता. प्रत्येक जिन्नस आत पडला की बाहेरच्या पाटीवर किलोचे आकडे लालभडक उमटायचे. लालभडक म्हणे! काकांना तिथे नुसता तांबूस धूर दिसत होता.

ऐंशी गाईंच्या त्या गोठ्यात गेली सव्वीस वर्षं वैरण कालवायची ती काकांनीच. म्हणून तर मालकीणताई म्हणाल्या होत्या, "काका, यंत्र तुम्हीच पसंत करा. मला त्यातलं काय कळतंय?" दुसऱ्या कुणाचा ऊर भरून आला असता. काकांना मात्र त्या काट्याचीच धास्ती. काटा आला की रोज आकडे वाचणं आलं. मग बिंग फुटणार आणि गोठा सुटणार. गोठा सोडून दिवसभर करायचं काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यात ती पांढरी गाय डोळ्यांपुढून हलत नव्हती. नुकतीच व्यालेली, म्हणून तिचा भरडा वेगळा मोजायचा असे. दीड महिन्यापूर्वी टांगत्या काट्यावरचा आठ काकांनी तीन वाचला आणि तिला भरडा दुपटीहून जास्त पडला. संध्याकाळी गाय फुगली, दुसऱ्या दिवशी गेली. ताईंना वाटलं, भरडाच खराब. त्यांनी भरडेवाल्याला गोठ्याच्या दारात उभं करून वाट्टेल ते सुनावलं आणि त्याचं येणं बंद केलं. काका तिथेच उभे होते. त्यांनी तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.

"दोन्ही चालवून दाखव," ते एकाएकी विक्रेत्याला म्हणाले.

यंत्रं घरघरली. काकांनी साध्यातून मूठभर चारा काढला. कडब्याचा पार भुगा झाला होता. "गाय रवंथ कशाची करणार? कपाळाची?" ते पुटपुटले. मग काट्याच्या मिक्सरमध्ये हात घातला. बोटभर लांबीचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला भरडा चिकटलेला. ते हाताने कालवीत, तेव्हासुद्धा इतकं एकसारखं होत नसे. ते मूठ उघडत होते, मिटत होते. पुन्हा साध्याकडे गेले, पुन्हा परत आले.

"अहो काका, ठरवा एकदाचं! सोनं पारखताय का?" विक्रेता वैतागला.

सोबत आलेल्या ताईंनी पेन उघडलं. "साधाच लिहू ना?"

"नको. काट्याचाच घ्या."

"आत्ता तर तीनदा नको म्हणालात!"

"मला तो आकडा दिसत नाही हो, ताई. म्हणून म्हणत होतो." काकांनी मुठीतला चारा ताईंपुढे धरला. "गाईंना हाच चांगला. आणि... पांढरी माझ्या हातून गेली. आठाचे तीन वाचले मी. भरडा चांगला होता."

विक्रेता उगाच कागद चाळायला लागला.

"कधीपासून दिसत नाही?" ताईंनी विचारलं.

"वर्ष होईल."

"वर्ष! आणि त्या बिचाऱ्याला मी दारात..." ताईंनी मागणीच्या कागदावर काट्याच्या मिक्सरपुढे खूण केली आणि सही ठोकली.

परतीच्या वाटेवर गाडीत काका सारखे दाराच्या कडीशी चाळा करत होते. गोठ्यापाशी उतरल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या येऊ का?" असं विचारायची वेळ सव्वीस वर्षांत कधी आली नव्हती.

ताईंनी गाडीचं दार लावलं. "या. आधी भरडेवाल्याकडे जायचं. तिथे तुम्ही बोलायचं, मी बरोबर असेन. आणि मोजमाप आता मी करीन."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी कनवटीची भरड्याच्या कोठीची किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि ताईंच्या हातावर ठेवली.