जावयाचे पहारेकरी

कवळ्या बनवण्याच्या त्या कारखान्यात सर्व्हर पुन्हा पडला, तेव्हा आत्याने चहाचा पहिलाच घोट घेतला होता. पलीकडच्या खोलीत दात कोरणारं यंत्र एका दाढेच्या मध्यावर थांबलं. अर्ध्या दाढेने गिऱ्हाइकाने काय चावायचं, याची चिंता यंत्राला नव्हती; ती आत्याला होती.

"गेला का?" दादाने दारातून विचारलं.

"गेला. येईल परत. रुसून जायची सवयच लागलीय त्याला."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, कारखान्याचा मालक. कारखाना उभा करताना प्लॅस्टर कालवायला आत्याच होती. पुढे जबड्यांचे साचे संगणकात गेले, तशी तीही संगणकापाशी गेली आणि सर्व्हरची खोली तिची झाली. दादाची मुलगी तिला आत्या म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. त्या मुलीचा नवरा अलीकडे व्यवस्थापक होऊन आला होता. व्यवस्थापनाचं कसलंसं शिक्षण घेऊन आला होता, त्यामुळे दातांबद्दल काही माहीत असण्याची त्याला गरज उरली नव्हती.

सर्व्हर पहिल्यांदा पडला तेव्हा जावयाने त्यात एक प्रोग्राम बसवला. त्याला तो कौतुकाने पहारेकरी म्हणे. पहारेकऱ्याने क्षणाक्षणाला सर्व्हरची प्रकृती तपासायची आणि दर वेळी नवी फाइल उघडून तीत लिहायचं, 'सर्व ठीक आहे'. सर्व्हर दुसऱ्यांदा पडला तेव्हा पहिल्या पहारेकऱ्यावर दुसरा नेमला. आता तर राजाच्या खजिन्याला नसेल एवढा पहारा झाला होता आणि सर्व्हर दिवसाआड पडत होता.

जावई आला, पडद्यावरच्या रंगीत वर्तुळाकडे बघत म्हणाला, "डिस्क तर बरीचशी रिकामी आहे. म्हणजे दोष हाताळणीचा." आणि त्याने आत्याच्या हातांकडे पाहिलं. "राग मानू नका आत्या, पण आता पुन्हा पडला तर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे देऊ. तुम्हीही किती राबणार? आराम करा."

म्हाताऱ्या माणसाला आराम कर असं सांगितलं जातं, तेव्हा कुणाला तरी त्याची खुर्ची हवी असते. आत्याने दादाकडे पाहिलं. दादाला नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा होता.

जावई गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "त्यांना काही बोलू नकोस हं. जावई आहेत."

"आणि मी कोण रे? दातातली फट?"

दादा निघून गेला. आत्याने गार चहा बाजूला सारला आणि सर्व्हर सुरू केला. बिचारा उठला. डिस्कवर जागा असून पडतो म्हणजे काय, असं पुटपुटताना तिला प्लॅस्टरचे दिवस आठवले. भिंतभर फळ्या, फळ्यांवर लोकांचे जबडे. पत्र्याचा नंबरी बिल्ला बांधल्याशिवाय जबडा फळीवर ठेवायचा नाही, हा दादाचा कायदा. एकदा बिल्ले संपले. फळ्या रिकाम्या आणि जबडे टेबलावर, खुर्चीवर, दादाच्या जेवणाच्या डब्यावर. दादाने तेव्हाही दोष फळ्यांना दिला होता आणि सुताराला बोलावलं होतं.

आत्या ताठ बसली. जागा किती उरली, हे तर सगळेच विचारत होते. तिने सर्व्हरला विचारलं, फाइलींचे बिल्ले किती उरले? कारण तिथेही कायदा तोच: फाइल अख्ख्या जबड्याची असो की तीन शब्दांची, तिला एक बिल्ला लागतोच, आणि बिल्ले मोजकेच असतात.

मूठभर उरले होते. तेही तिच्या डोळ्यांदेखत कमी होत होते. ते कोण उचलतंय, हे बघायला तिने फाइलींनी सगळ्यांत भरलेला कप्पा उघडला. सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे. पडदा सरकतच राहिला. सर्व्हर उठताना आपला तात्पुरता केरकचरा झाडून टाकी, थोडे बिल्ले मोकळे होत; त्यांवर पहारेकरी तुटून पडत. नव्या जबड्याला बिल्ला मिळेना की सर्व्हर मान टाके.

तिने भाचीला हाक मारली. भाचीने बघितलं आणि ओढणी तोंडात कोंबून हसली.

"आता तूच सांग त्याला, आत्या."

"नवरा तुझा."

"म्हणून तर! माझं ऐकलंय कधी त्याने?"

शेवटी आत्यानेच सांगितलं, दादासमोर, आडपडदा न ठेवता. "जावईबापू, तुमच्या पहारेकऱ्यांनीच घर भरून टाकलंय. घरच्यांना आत यायला वाव नाही."

दादाने डोळे मिटले. जावई मात्र उजळला. "म्हणजे आपल्या नोंदींना सर्व्हर अपुरा पडतोय! मी म्हणतच होतो. आत्या, जुन्या नोंदी रोज नजरेखालून घालून पुसाव्या लागतील. हे काम बाहेरच्या कंपनीला नाही देता येणार. आपल्याकडे सगळं ठीक आहे, हे परक्यांना कशाला कळायला हवं?"

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "बोभाटा व्हायचा."

तिने तिथल्या तिथे कप्पा रिकामा केला. पलीकडे यंत्र घरघरलं आणि उरलेली अर्धी दाढ कोरू लागलं.

खुर्ची अजून आत्याकडेच आहे. सर्व ठीक असल्याच्या फाइली ती रोज सकाळी पुसते, म्हणून सर्व ठीक असतं. जावयाने परवा आणखी एक पहारेकरी बसवला, आत्या वेळेवर पुसते की नाही ते बघायला.

त्याच्या फाइली ती सगळ्यांत आधी पुसते.