बाभळीचा कामठा

"उद्यापासनं मी यायचा न्हाई," सोपानरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

फिलिपमामा रंध्याचं पातं पुसत होता. त्याचा हात थांबला.

"का? साखर कमी पडली?"

"चेष्टा न्हाई. काल आमच्या गोठ्यातनं कुत्रं नेलं बिबट्यानं. म्हशीपासनं चार हातावरनं. सूनबाईनं सांगितलंय, आबा, सांजचं उसातनं गेलात तर मी चुलीला हात लावनार न्हाई."

"त्यो कुत्री खातो. तुमाला कोन खातंय? हाडं चावता चावता त्येचंच दात पडतील."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! तुला काय जातंय बोलायला? दोन्ही अंगाला ऊस, मधी बैलगाडीची वाट. एकट्यानं यायचं, एकट्यानं जायचं. जीव मुठीत धरून चहा प्यायचा का?"

"मग बसा सुनेच्या पदराखाली!"

हे मामानं बोलायला नको होतं. सोपानरावांनी काठी उचलली आणि ते निघून गेले. मामा रंधा धरून तसाच बसून राहिला.

आता हा मामा कोण, ते सांगतो. केंदूरच्या शिवारात पार कडेला दोन खोल्यांचं घर, आणि चारी बाजूंनी दुसऱ्यांचा ऊस. वय बहात्तर. मिशनच्या वर्कशॉपात सुतारकी शिकला, आणि अशी शिकला की त्यानं भरलेलं चाक दगडावर आपटलं तरी कुरकुरत नव्हतं. पण बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. मामाच्या हाताला उरले ते खोऱ्याचे आणि कुऱ्हाडीचे दांडे. बायको ग्लॅडिस चार वर्षांमागं देवाघरी गेली. पोरगी कृपा पुण्यात नर्स. राहता राहिले उसापलीकडचे सोपानराव. अकरा वर्षं रोज पाचला यायचे आणि दिवस बुडताना उठायचे. दोघं करायचे काय, तर भांडायचे. पावसावरनं, सरपंचावरनं, चहात आलं घालावं का वेलदोडा, ह्याच्यावरनंसुद्धा.

दिवसभर माणूस एकटा राहतो हो. हाताला काम असतं. पण पाच वाजले, सावल्या लांब झाल्या, की घर अंगावर येतं. मामा सवयीनं दोन कप चहा ओतायचा. मग दुसऱ्या कपाकडं बघत बसायचा, आणि गार झाल्यावर तोही आपणच प्यायचा. सोपानरावांना फोन करावा तर त्यांना ऐकू कमी. नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहायचे. फोनवर भांडण होत नाही.

रविवारी कृपाचा फोन आला.

"पप्पा, या ना इकडं. एकटे काय करता तिथं?"

"एकटा कुठं? सोपानराव येत्यात की."

खोटं बोलून फोन ठेवला आणि मामाला स्वतःचीच लाज वाटली. त्या तिरमिरीतच त्यानं माळ्यावर हात घातला. वर बाभळीचं एक लाकूड होतं, सात वर्षं वाळलेलं. कुणाच्या तरी बैलांच्या जूसाठी राखलेलं. ना तो माणूस आला, ना बैल राहिले.

गेल्या साली ऊसतोडीला आलेल्या एका भिल्ल गड्याकडं मामानं कामठा पाहिला होता. म्हणजे धनुष्य, शिकारीचं. तो कळकाचा होता, बांबूचा. मामाच्या मनानं घेतलं, आपण बाभळीचा करू. कळकाचं काम सुताराचं नव्हे. मग पाचला तीर-कामठा घेऊन सोपानरावांच्या दारात जायचं, त्यांना घेऊन यायचं आणि दिवस बुडायच्या आत नेऊन सोडायचं. सूनबाई कशाला नको म्हणेल?

सकाळी डेअरीत दूध आणायला गेला, तर त्यानं ही गोष्ट म्हस्कूला सांगितली. हा दूध मोजणारा. त्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

"मामा," म्हस्कू हसून हसून खोकायला लागला, "बिबट्याला दगूड मारला तरी गुन्हा हाय. वनखात्याचं लोक पिंजरा त्येच्यासाठी आनतील आन् तुमालाच आत घालतील!"

"मारायचा कुनाला हाय? नुसता दाखवायचाय."

"त्येला काय कळतंय, कामठा हाय का खराट्याचा दांडा!"

सगळी डेअरी हसली. मामा तांब्या घेऊन घरी आला आणि लाकूड तासायचा वाकस परजायला बसला.

सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात, ते उगीच नाही. लाकडाला वाकस लागला आणि मामा सगळं विसरला. आधी साल काढली. सालीखालचं पांढरं लाकूड तासून तासून टाकलं. बाभळीत पांढरं म्हणजे कच्चं, त्याला कीड लागते. पक्की ती आतली तांबडी नार. पन्नास वर्षं मामानं हेच केलेलं, हात आपोआप चालायचा. मग नारेला आकार दिला. मधे मुठीपुरती जाड, दोन्ही टोकांकडं बारीक. कानशीनं घासायची, गुडघ्यावर दाबून बघायची, पुन्हा घासायची.

मामाच्या लक्षात आलं, आपण जन्मभर न वाकणाऱ्या वस्तू केल्या. दांडा वाकला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. आणि इथं वाकलं नाही तर वस्तूच नाही. आठ दिवस तो लाकडाशी बोलत होता. "वाक की रं माझ्या राजा. अजून थोडं. हां." पाच वाजले की मात्र हात थांबायचे. कान वाटेकडं लागायचे. उसाची पाती नुसती सळसळायची.

नवव्या दिवशी कामठ्याला गोडं तेल पाजलं. नायलॉनच्या दोरीला तिपेडी पीळ देऊन दोरी बसवली. उसाच्या तुऱ्याच्या कांडीला पुढं खिळा बसवून तीर केला. कामठा असा देखणा झाला होता, तांबडा, गुळगुळीत, की मामाला वाटलं, आत्ताच्या आत्ता सोपानरावांना नेऊन दाखवावा. पण आधी एकदा ओढून तर बघू. दिवस कलला होता. मामा अंगणात उभा राहिला, तीर लावला आणि छातीपर्यंत दोरी ओढली.

काडकन आवाज झाला. कामठ्याचे दोन तुकडे झाले आणि वरचा तुकडा मामाच्या कपाळावर बसला.

"आई गं! मेलो, मेलो!"

मामा मटकन खाली बसला. डोळ्यावर रक्ताचा ओघळ आला. कपाळ दुखत तर होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते आठ दिवसांचं काम मोडल्याचं. त्याला रडू आलं. बहात्तर वर्षांचा माणूस भर अंगणात रडायला लागला.

तेवढ्यात उसातनं ताटाचा आवाज आला. ठण्ठण् ठण्ठण्. आणि आवाजामागनं शिव्या.

"हाऽड्! चल निघ, मुडद्या! फिलिप्या, भिऊ नगंस! आलो, आलो!"

वाटेनं सोपानराव पळत येत होते. एका हातात जेवायचं ताट, दुसऱ्या हातात पळी. धोतर सुटलेलं, पायात काही नाही.

"कुठं हाय? कुठं गेला त्यो?"

"कोन?"

"बिबट्या! वरडलास न्हवं तू?"

मामानं दोन तुकडे दाखवले. सोपानरावांनी तुकडे बघितले, मामाचं कपाळ बघितलं, आणि धापा टाकत ओट्यावर बसले.

"शिकारीला निघाला आन् सवताचंच टाळकं फोडलं! भाड्या, माझा जीव गेला असता की!"

"तुमाला ऐकायला कमी येतं ना? मग वरडल्यालं कसं ऐकलं?"

"पाच वाजल्यापासनं कान हिकडंच असत्यात," सोपानराव म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

सोपानरावांनी जखमेत हळद दाबली. मामानं चहा ठेवला आणि दोन कपांत ओतला.

"आलं घातलंस जनू," सोपानराव म्हणाले.

"मग? वेलदोडा काय पिकतोय माझ्या दारात?"

दोघं पोटभर भांडले.

पण दिवस बुडायला आला आणि मामा उठला. "चला, सोडतो तुमाला." मोडक्या कामठ्याचा तुकडा घेऊन ताट बडवत त्यानं सोपानरावांना त्यांच्या दारापर्यंत पोचवलं. सून हर्षदा अंगणातच उभी होती, तोंड एवढंसं करून.

"मामा, आन् तुमी माघारी एकलंच जानार?"

"मी जातो की ह्येला सोडायला," सोपानराव म्हणाले.

"आन् तुमाला कोन सोडनार?"

"ह्यो!"

हर्षदाला हसूही आलं आणि रडूही. डोळे पुसत ती म्हणाली, "आबा, पाया पडते तुमच्या. ऊस तुटंस्तवर न्हाई म्हंजी न्हाई." तिचंही चुकत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं मामाला मोटरसायकलवर आणून सोडलं, आणि लाल दिवा उसात दिसेनासा झाला.

मामा चूल पेटवायला बसला. खाली तासलेल्या ढलप्या पडल्या होत्या. तांबडी ढलपी उचलली, मोडली, काडकन तुटली. पांढरी उचलली, ती काही तुटेना. बोटाभोवती गुंडाळली तर अंगठीसारखी बसली. मामा बघतच राहिला. कच्चं म्हणून जे आठ दिवस चुलीत घातलं, तेच वाकणारं होतं. ते कामठ्याच्या पाठीवर, बाहेरच्या अंगाला, राखायला हवं होतं. पन्नास वर्षांची सुतारकी, आणि कुणी सांगितलं नाही. विचारणार तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी बांधावरची बाभळीची एक फांदी त्यानं तोडली, चिरली आणि पांढऱ्यासकट माळ्यावर ठेवली. वाळायला वर्ष तरी जाईल.

पाच वाजले. मामानं दोन कप ओतले, कारण हात ऐकेना. आणि उसाच्या पलीकडनं आवाज आला. ठण्ठण् ठण्.

मामानं पत्र्याचा डबा ओढला आणि मोडक्या कामठ्यानं बडवला. पलीकडनं पुन्हा ताट वाजलं, जरा जोरात, भांडल्यासारखं. मामानंही डबा जोरात बडवला.

तेव्हापासनं रोज पाचला हे चालतं. गाव म्हणतं, म्हातारे बिबट्या हाकलतायत. परवा मामाला ताप होता, डोळा लागला होता. तर पलीकडं ताट वाजतच राहिलं, थांबेचना. शेवटी मामा भिंतीला धरून उठला आणि डब्यावर एक टोला दिला. तेव्हा कुठं ताट थांबलं.

ऊस अजून तुटलेला नाही.