मर्टलचे चौकोन

अल्वा टारबॉक्सला मर्टलचा संशय आला तो मार्चमध्ये, गावातले रस्ते चिखलाने भरले होते तेव्हा.

ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे गावच्या शेतकरी मंडळाच्या सभागृहात, मर्टल शनिवारचा नाच पुकारायची; कोणी कधी कुठे वळायचं ते ओरडून सांगायची. तिथे आजोबांच्या काळापासून रांगांचा नाच, कॉन्ट्रा: पुरुषांसमोर बायका, आणि प्रत्येक जोडी सरकत सरकत दुसऱ्या टोकाला. त्यामुळे जोडीदार कोणीही असो, सगळ्यांशी गाठ पडते. अल्वाची सगळी भिस्त या सरकण्यावर होती. ऑर्फा कोल्बीला आपली जोडीदार होण्याबद्दल विचारायची हिंमत त्याला दोन हिवाळ्यांत झाली नव्हती. पण रांगेत ती समोर यायचीच. दोन गिरक्या, एक हसू, की गेली पुढे. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

आणि आता ही मर्टल मध्येच चौकोन घुसडू लागली. चार जोड्या, चार बाजू. बाहेरच्याला शिरकाव नाही. ऑर्फा ज्या चौकोनात असे, तिथे तिच्याबरोबर ड्वाइट. ड्वाइट म्हणजे मर्टलचा सख्खा भाऊ. विधुर. शिवाय नवाकोरा ट्रॅक्टर. अल्वाला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

चौकोन पुकारला की तो निषेध म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचा. निषेध कोणाच्या ध्यानात आला नाही. थंडी मात्र त्याच्या ध्यानात यायची.

एका शनिवारी त्याने तिला गाठलंच. "आजपण चौकोन का गं, मर्टल?"

"हो, दोन."

"लोक कुरकुर करतायत."

"कोण लोक?"

अल्वाने वळून पाहिलं. लोक मेपलची बिस्किटं चापत होते.

त्या रात्री मर्टलने सरळ दगाच दिला. आधी रांगा लावायला लावल्या आणि मग म्हणाली, "आता दोन-दोन जोड्या समोरासमोर... थोडं मागे सरका... झाले चौकोन!" अल्वा दाराकडे निघाला, तर त्याची जोडीदार, पोस्टातल्या पीझलीबाई, त्याचं कोपर धरून उभ्या. "आज नाही सुटायचास, बाबा." डावीकडे पाहतो तर ड्वाइट, आणि त्याच्या उजव्या हाताला, अल्वाला अगदी लागून, ऑर्फा.

फिडल सुरू झालं. "डावीकडच्या बाईला घुमवा," मर्टल ओरडली, "आणि तिलाच ठेवून घ्या!"

ऑर्फा त्याच्या हातात आली.

"ठेवून घ्या म्हणजे?"

"चौकोनात असंच असतं. घुमवली ती तुझी जोडीदार. तुला कसं ठाऊक असणार? तू ओट्यावर."

"हे मर्टलचं कारस्थान आहे. तुझं आणि ड्वाइटचं..."

"कारस्थान आहेच. पण माझं. रांगेत तू क्षणभर हाती लागतोस. मर्टलला म्हटलं, चौकोन पुकार. त्यात कोंडला तर कुठे पळेल? दर वेळी तुझ्याशेजारी येऊन उभी राहते, आणि तू दार उघडून पसार!"

"मग ड्वाइट?"

"तू निघून गेलास की चौकोन मोडतो. तरी तुझ्या डावीकडे उभं राहायला कबूल झालेला तो एकटाच."

मर्टलने पुन्हा हाक दिली. ऑर्फाने आता पुढच्या पुरुषाकडे जायला हवं होतं. पण अल्वाने हात सोडला नाही. चौकोन कोसळला. पीझलीबाई भलत्याच चौकोनात निघून गेल्या.

"शेवटच्या वॉल्ट्झला माझ्याबरोबर येशील?" तो म्हणाला.

"विचारतोयस की संशय घेतोयस?"

"विचारतोय."

"मग येईन."

पुढच्या शनिवारी अल्वा कोट काढायच्या आधी मर्टलकडे गेला. "आज चौकोन किती?"

"एकही नाही. रांगाच."

अल्वाचे डोळे बारीक झाले. "का? कोणी सांगितलं तुला?"